पहिल्या वर्षापुरता नियम

जून लागला की धुळ्यात दोन उकाडे सुरू होतात. एक आभाळाचा, तो सगळ्यांना सारखा. दुसरा प्रवेशाचा, तो फक्त ज्यांच्या घरात बारावी झालेलं पोर आहे त्यांना. यंदा आमच्याकडे दोन्ही मुक्कामाला आहेत. मुक्ताला, म्हणजे माझ्या धाकट्या लेकीला, नाशिकच्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि गेले आठ दिवस घरात होस्टेलची निवड चालू आहे. निवड म्हणजे ती कूलरसमोर पालथी पडून मोबाइलवर खोल्यांचे फोटो बघते आणि मी शेजारी बसून न विचारलेली मतं देतो.

"बाबा, ही बघा. दोघींत एक खोली. पण मेसला तीनच स्टार आहेत."

"तीन म्हणजे पुष्कळ झाले," मी म्हणतो. "आमच्या मेसला कोणी असे तारे द्यायचं ठरवलं असतं तर भरदिवसा अंधार पडला असता."

होस्टेल या विषयात घरात माझा अधिकार मानला जातो. जळगावच्या होस्टेलात तीन वर्षं काढलेला माणूस, म्हणून. ढेकणांचे किस्से, पातळ वरणाचे किस्से, बादल्यांच्या रांगेचे किस्से मी इतक्या वेळा सांगितले आहेत की बायकोला आता ते माझ्यापेक्षा चांगले सांगता येतात. फक्त त्या होस्टेलात मी गेलो कसा, हे मी कधी सांगितलं नाही. क्वचित कोणी विचारलं तर उत्तर तयार असायचं. ते उत्तर खोटं होतं.

सत्त्याऐंशी सालचा जून. आमचं गाव नरडाणा स्टेशनपासून सायकलीच्या अंतरावर. बारावीला मला जे गुण मिळाले ते डॉक्टर व्हायला कमी आणि शेतावर जायला जास्त होते. अशा मुलांसाठी तेव्हा बी.एस्सी. नावाची सोय होती. धुळं जवळ, जळगाव लांब. पण त्या काळी आमच्यात कॉलेज निवडत नसत, नातेवाईक निवडत. ज्या गावात नातेवाईक, त्या गावात शिक्षण. धुळ्याला आबांचे चुलतभाऊ होते. पण त्यांच्या घरच्या लग्नात आबांना आहेरात टॉवेल मिळाला होता आणि टोपी राहून गेली होती. त्याला सहा वर्षं झाली होती आणि आबा अजून त्या टोपीची वाट बघत होते. त्यामुळे धुळं बाद. एका टोपीपायी माझं शिक्षण पॅसेंजर गाडीने तीन तास पूर्वेला सरकलं.

जळगावला फुई होती. आत्याला आमच्याकडे फुई म्हणतात. ही आबांची थोरली बहीण. तिचे यजमान, फुवाजी, कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादम होते, ते जाऊन पाच वर्षं झालेली. मूलबाळ नाही. शनिपेठेतल्या एका गल्लीत तिचं दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत ती, मागच्या खोलीत भाडेकरू.

"फुईनं घर शे ना जयगावले," आबा म्हणाले, "मंग कसानी चिंता?"

चर्चा संपली. नातेवाईक गावात असताना होस्टेलात राहायचं, हे आमच्याकडे कोणाच्या मनातसुद्धा येत नसे. तसं करणं म्हणजे फुईच्या दारात उभं राहून 'तुझ्या हातची भाकर मला चालत नाही' असं गल्लीला ऐकवणं. लोकांनी पहिल्यांदा हेच विचारलं असतं, पोराचं आणि फुईचं वाजलं का? आणि दुसऱ्यांदा विचारलं असतं, फुई काही बोलली का त्याला?

माझ्या मनात ते आलं त्याला कारण पिंपळनेरचा दिलीप. प्रवेशाच्या दिवशी आबा फी भरून दुपारच्या गाडीने परत फिरले, कारण कपाशीची पावसाआधीची धूळपेर राहिली होती. जाताना सांगून गेले, वळकटी उचल आणि सरळ फुईकडे जा. मी वळकटी उचलली. पण ऑफिसच्या खिडकीशी हा दिलीप भेटला. एक वर्ष पुढचा. तो म्हणाला, "चल, आमचं होस्टेल तर बघ. बघायला काय लागतं?"

बघायला काहीच लागत नाही, हे खरं आहे. पण बघून झाल्यावर लागतं.

पहिल्या मजल्यावरची खोली. दोन लोखंडी खाटा, दोन टेबलं, भिंतीत दोन फळ्या, खिडकीच्या गजांपर्यंत आलेला कडुनिंब. पंखा असा फिरत होता की एकेक पातं मोजता यावं. खोली तापलेली होती, भिंतीला पाठ टेकवत नव्हती. पण दिलीपने बाहेर पडताना दाराला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली, आणि मी त्या खिशाकडे बघत राहिलो. आमच्या घरात नऊ माणसं. आबांची ट्रंक सोडली तर कशालाच कुलूप नव्हतं. दर पाच मिनिटांनी कोणीतरी मला हाक मारत असे आणि कामासाठीच मारत असे. अठरा वर्षांत मी दार लावून एकटा बसलो होतो तो फक्त एकदा, गोवर आला तेव्हा. आणि आता या गावात एक अशी खोली होती की जिच्यात मला कोणी हाक मारणार नव्हतं.

मी फॉर्म घेतला. उभ्या उभ्या भरला. शेवटच्या रकान्यात पेन थांबलं. स्थानिक पालक : नाव, पत्ता आणि सही.

जळगावात माझी पालक एकच होती. म्हणजे फुईकडे राहायचं नाही, यासाठी फुईचीच सही हवी होती.

उन्हात वळकटी खांद्यावर घेऊन मी शनिपेठेत पोचलो तेव्हा गल्लीच्या तोंडालाच ओल्या चुन्याचा वास आला. अजूनही कुठं घराला चुना लागत असला की मी पावलं उचलून पुढं निघतो. लोकांना वाटतं मला दमा आहे.

फुई दारात आली ती कोपरापर्यंत पांढरी. लुगड्याचा काष्टा गुडघ्यावर खोचलेला, डोक्याला फडकं, भुवईवर एक चुन्याचा थेंब.

"ऊना का रे भाऊ? बठ, पानी पे. नही, थांब. पहिले इकडे ये."

तिने मला हाताला न धरता, कारण हात भरलेले, नुसत्या कोपराने ढकलत मागच्या खोलीत नेलं.

"देख. तुनी खोली."

खोली रिकामी होती. तिथे एसटीच्या डेपोत मेकॅनिक असलेले सुधाकरभाऊ, त्यांची बायको मंगलवहिनी आणि त्यांची छकुली राहत असत. छकुली तीन वर्षांची. तिचा जन्म याच घरात झालेला आणि फुईला ती मोठी माय म्हणायची. उन्हाळ्यात फुई खाटेवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालायची, तेव्हा कावळे हाकलायला छकुलीला काठी देऊन बसवायची. कावळ्यांनी खाल्ल्या नसत्या इतक्या ओल्या बिबड्या ती एकटी फस्त करायची. "मना कावया यवढा मोठा शे," फुई सगळ्यांना सांगायची, आणि छकुलीच्या डोक्याच्या उंचीवर हात धरायची.

"सुधाकरभाऊ कुठं गेले?"

"परवदिन गयात. मीच सांगं त्यासले जावाले. पोऱ्याले अभ्यासले निराळी खोली पाहिजे ना. छकुली दिनभर कलकल करस, तुना अभ्यास कसा व्हई?"

भिंतीवर खाली, गुडघ्याच्या उंचीपर्यंत, पांढऱ्या चुन्यातून कोळशाच्या रेघोट्या दिसत होत्या. गोल, त्याला दोन काड्या. पुन्हा गोल, पुन्हा काड्या. मी तिकडे बघतोय हे फुईने पाहिलं.

"दुसरा हात मारसू, मंग दिसनार नही," ती म्हणाली. पण बादली तशीच खाली ठेवून पदराने भुवई पुसत राहिली.

हे सगळं बघितल्यावर फॉर्म खिशातच राहायला हवा होता. निदान अर्धा तास तरी. मी पाणी पिऊन तो बाहेर काढला.

"फुई, एक अडचण शे."

"काय रे?"

"कॉलेजना नियम शे. पहिला सालले बठ्ठासले होस्टेलमाच राहनं पडस."

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण तिचा चेहरा बघवेना. खोटं बोलणाऱ्याला दया आली की तो आणखी एक खोटं बोलतो. मी म्हणालो, "फक्त पहिला साल. दुसरा सालले नियम नही."

"मंग दुसरा सालले येशी ना?"

"येसू ना."

ती चुन्याच्या बादलीशेजारी खाली बसली. थोडा वेळ तिने नुसता हाताचा वाळत आलेला चुना चोळून काढला. मग म्हणाली, "नियम शे तं शे. एक सालनी तं गोट."

सही करायला तिने तीनदा हात धुतले. फुवाजी गेल्यावर ती प्रौढ शिक्षणाच्या वर्गाला जाऊन नाव लिहायला शिकली होती. पाटावर फॉर्म ठेवला, जीभ दातात धरली आणि एकेक अक्षर असं काढलं की जणू त्याला लागेल. शेवटी वर रेघ ओढून ती सहीकडे लांबून बघत राहिली.

"मनी सही कॉलेजले चालस?"

"चालते म्हणजे? तुझ्या सहीशिवाय मला तिथं घेणारच नाहीत."

त्या दिवशी मी तिच्याशी एवढं एकच वाक्य खरं बोललो.

जेवताना फुईने सहज सांगितलं की सुधाकरभाऊंना अजून खोली मिळाली नाही, पिंप्राळ्याला कोणा मित्राच्या ओसरीवर सामान टाकून आहेत. म्हणजे अजून काही बिघडलं नव्हतं. 'फुई, मला होस्टेलातच राहायचंय, तिन्ही वर्षं,' एवढं मी त्या ताटावर म्हटलं असतं तर ती रागावली असती. आबांना दोन पत्रं गेली असती. आणि सकाळी उठून ती पिंप्राळ्याला जाऊन सुधाकरभाऊंवर ओरडून, छकुलीला कडेवर घेऊन परत आली असती. मी भाकरी मोडत होतो. मी म्हणालो, "मिळेल त्यांना खोली." कालवणात मीठ बरोबर आहे का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, बरोबर आहे.

आबांना मी पोस्टकार्ड टाकलं. त्यांचं उत्तर चार ओळींचं आलं. नियम म्हणजे नियम, तो पाळावा, फुईकडे दर रविवारी जावं, तब्येत सांभाळावी. सरकार, रेल्वे आणि कॉलेज यांनी केलेल्या कुठल्याही गोष्टीवर आबांचा पूर्ण विश्वास होता. माझ्यावरही होता, हे जास्त वाईट.

आता त्या स्वातंत्र्याचं पुढं काय झालं ते सांगायला हवं, नाहीतर मुक्ताला वाटेल बाप तिथं राजासारखा राहिला. खोलीची किल्ली मी नवव्या दिवशी हरवली. साक्रीचा जगन माझ्यासोबत खोलीत होता, त्याने दगडाने कुलूप तोडलं आणि नवं कोणी आणायचं या वादात वर्षभर ती खोली उघडीच राहिली. ज्याला वाटेल तो आत यायचा, ज्याच्या खाटेवर वाटेल त्यावर बसायचा आणि मला वाटेल त्या कामाला हाक मारायचा. नऊ माणसांच्या घरातून मी ऐंशी माणसांच्या घरात आलो होतो. कपडे स्वतः धुवायचे, हे पहिल्या आठवड्यात समजलं. ते वाळले की उचलायचेही असतात, हे दुसऱ्या आठवड्यात, दोन शर्ट गेल्यावर. केळीच्या मालमोटारींचा आवाज, जिनिंगकडून उडत येणारे कापसाचे तंतू, न्हाणीघराबाहेर बादल्या आपटण्याचा गोंगाट. आणि तरी मी सुखात होतो, हेही खोटं कशाला बोलू. अठरा वर्षांच्या पोराला गैरसोय स्वतःची असली की ती गोड लागते.

रविवारी मी फुईकडे जायचो. सुरुवातीला दर रविवारी, मग एकाआड एक, मग आठवण झाली की. ती दर वेळी जेवायच्या आधी मागची खोली दाखवायची. एकदा जुन्या बाजारातून आणलेलं टेबल. एकदा टेबलावर नेमका प्रकाश पडेल असा खाली ओढून घेतलेला दिवा. एकदा शर्टासाठी तीन खुंट्या. भिंतीवर चुन्याचा दुसरा हात पडलेला होता, तरी खालच्या बाजूला, पाहणाऱ्याने पाहिलं तर, गोल आणि काड्या दिसायच्याच. दिवाळीच्या सुमाराला फुई म्हणाली, सुधाकरभाऊंची बदली चोपडा डेपोला झाली. जाताना छकुलीला भेटवून नेलं. "माले वयखाले टाइम लागना तिले," फुई हसत म्हणाली. पाच महिन्यांत तीन वर्षांचं पोर विसरतं, त्यात त्याचा काय दोष.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल आटोपून होस्टेलात आलो तर ऑफिसबाहेरच्या बाकावर फुई बसलेली. स्वच्छ लुगडं, मांडीवर कापडी पिशवी, हातात शिपाईमामांनी दिलेला चहाचा कप. ऑफिसात रेक्टर होते.

"तू इथं कशी?"

"तियगूय ली उनू. आनि साहेबले भेटनू. म्हनं, मी पालक शे, मनी सही शे तुमनाकडे. पोऱ्याले सुटी द्या, निदान सन्नासुदीले घर राहू द्या."

"मग?"

फुईने चहाचा शेवटचा घोट घेतला. कप बाकाखाली ठेवला.

"साहेब म्हनतस, नियम भलता कडक शे. मी बी म्हनं, कडकच पाहिजे. त्याबिगर पोरं शिकतस का?"

तिने तिळगूळ दिला. जगनला दिला, शिपाईमामांना दिला, जिन्यावरून उतरणाऱ्या दोन अनोळखी पोरांनाही दिला. फाटकापर्यंत मी सोडायला गेलो. वाटेत तिने विचारलं, जेवण नीट मिळतं का. मी हो म्हटलं. इतकं हायसं मला त्यानंतर कधीच वाटलं नाही. देवानेच रेक्टरांच्या तोंडून माझं खोटं वदवून घेतलं, असं काहीतरी माझ्या मनात आलं असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेक्टरांनी बोलावलं.

"काय हो प्रकाश, काल तुमच्या आत्याबाई आल्या होत्या. त्यांना हे कोणी सांगितलं, की इथं राहणं सक्तीचं आहे? मी म्हटलं, बाई, इथं पंधरा पोरं वाट बघताहेत खोलीची. तुम्ही आजच्या आज घेऊन जा त्याला, मी उलट आभार मानीन."

"मग काय म्हणाल्या?"

"काही नाही. पिशवीचे बंद आवळले. मग म्हणाल्या, राहू द्या साहेब. आपलं हे बोलणं त्याला सांगू नका. आणि नमस्कार करून गेल्या. काही घरगुती आहे का?"

मी म्हटलं, नाही.

त्या रविवारी मी गेलो. नाही गेलो असतो तर जास्त दिसलं असतं, म्हणून. वाटेत चार वाक्यं जुळवली होती. फुईने चुलीवर वांगी भाजली होती, भरीत आणि कळण्याची भाकरी. अख्खी गल्ली त्या जळक्या सालीच्या वासाने भरलेली. तिच्या चेहऱ्यावर काही शोधून सापडेना. माझी पहिलं वाक्य काढायची तयारी चालली होती, तेवढ्यात शेजारच्या लीलाबाई आल्या आणि उंबऱ्याशी बसल्या.

"अक्का, किती दिवस ती खोली कोंडून ठेवशीन तू? मना भाऊ लेकरं घेऊन भटकी राहिना. दे ना त्याले. सात महिना व्हयी गयात."

"आते कशी देऊ? पुढला साल भाचा येनार शे."

"येनार तं येनार. तवय सोडी देई तो."

"नही बाई. त्यासना कॉलेजना नियम एकच सालना शे. एकदाव माणसं बसाडी की उठाडता येतस का? मी तं सोता देखी उनू ना. साहेबनीच सांगं माले."

हे ती लीलाबाईंकडे बघत म्हणाली. माझ्या ताटात भरीत वाढत होती, पण माझ्याकडे तिने बघितलं नाही. लीलाबाईंनी मला विचारलं, "हो का रे भाऊ?"

माझ्या तोंडात घास होता. मी मान डोलावली.

मी पुढं अनेकदा विचार केला आहे की ती खोली तिने तेव्हा का दिली नाही. मी येणार नाही, हे तिला कळलं होतं. पण खोली दिली असती तर गल्लीने विचारलं असतं, भाचा येणार होता ना? भाचा येत नाही म्हटलं असतं, तर का म्हणून विचारलं असतं. आणि मग कुठून तरी ते तिच्या कॉलेजातल्या फेरीपर्यंत, रेक्टरांपर्यंत आणि माझ्यापर्यंत आलं असतं. माझा नियम खरा ठरावा म्हणून तिने रिकाम्या खोलीत रोज झाडू मारला. पुढचे पाच महिने.

जूनमध्ये मी गेलो. या वेळी प्रॅक्टिकल संध्याकाळी उशिरापर्यंत चालतात, असं कारण तयार होतं. ते सुरू करायच्या आत फुईने हात वर केला.

"तठेच ऱ्हाय. अभ्यास व्हस तठे."

"फुई, मी…"

"जेवाले येत जाय."

पुढच्या खेपेला बघतो तर मागच्या खोलीत सरकीची पोती छतापर्यंत. एका व्यापाऱ्याला तिने खोली गोदामाला दिली होती. टेबल बाहेर काढून त्यावर पाण्याचा माठ ठेवला होता. मी म्हटलं, पोती कशाला, एखादं बिऱ्हाड ठेवायचं, सोबत झाली असती.

"नको रे बापा," फुई म्हणाली. "पोतं बरं. त्याले जीव लावना पडत नही."

त्या घरात मग माणसांचं बिऱ्हाड पुन्हा आलं नाही.

माझ्या लग्नात, नव्वदीच्या मधल्या एका मे महिन्यात, मांडवात पाहुण्यांच्या घोळक्यात कोणीतरी विचारलं की जळगावला सख्खी फुई असताना हा होस्टेलात कसा राहिला. मी दोन हातांच्या अंतरावर बसलो होतो. फुईने आवाज चढवून सांगितलं, "तवयना नियम भलता कडक व्हता! मी सोता साहेबले भेटी उनू, तरी सोडं नही." सगळे हसले. आबा म्हणाले, नियम म्हणजे नियम. मुंडावळ्यांतून मीही हसलो. पुढं सात-आठ वर्षांनी फुई गेली. शेवटच्या दिवसांत मी दोनदा धुळ्याहून गेलो, दोन्ही वेळा खोलीत कोणी ना कोणी होतं, आणि कोणी नसतं तर मी बोललो असतो का, हे मला माहीत नाही. मी स्वतःला तेवढं ओळखतो.

काल संध्याकाळी माझ्या धाकट्या भावाचा, विलासचा, नाशिकहून फोन आला. फोन उचलताच सुरू.

"दादा, मी नाशकात मेलोय का? माझं तीन खोल्यांचं घर असताना पोरगी होस्टेलात राहणार? लोक काय म्हणतील? तुझ्या भावजयीने तिच्यासाठी कपाटाचा खण रिकामा केलाय."

मी अं, हं, तसं नाही, कॉलेजचं काय आहे ना विलास, असं सुरू केलं. पुढचं वाक्य माझ्या जिभेवर येऊन बसलं होतं, तयार, पॉलिश केलेलं. मुक्ताने माझ्या हातातून फोन घेतला.

"काका, मला होस्टेलात राहायचंय. तुमच्याकडे नको म्हणून नाही. मला एकटं राहून बघायचंय. काकूला सांगा खण नका रिकामा ठेवू, रविवारी येईन तेव्हा बॅग बाहेरच ठेवते."

पलीकडे विलास थोडा गुरगुरला. आजकालच्या पोरी, वगैरे. मग म्हणाला, रविवारी मटण करतो, पहिल्या रविवारीच ये. फोन दीड मिनिटात संपला.

मुक्ता पुन्हा पालथी पडली. मग मान वळवून म्हणाली, "बाबा, पण तुमची तर जळगावला फुई होती ना? मग तुम्ही कसे होस्टेलात?"

स्वयंपाकघरातून बायकोने माझ्या आधी उत्तर दिलं. "तेव्हा नियम होता गं. पहिल्या वर्षी सक्तीचं असायचं. फुई तर रेक्टरला भेटून आल्या होत्या."

तिला ते फुईने सांगितलं होतं. माझ्याच मांडवात. आता ती ते मुक्ताला सांगत होती आणि मुक्ता उद्या कोणाला तरी सांगेल. तो नियम कधी नव्हताच, हे जगात आता मी सोडून कोणालाच माहीत नव्हतं. मी गप्प राहिलो असतो तर तो खराच झाला असता.

"नियम नव्हता," मी म्हटलं.

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

"नियम नव्हता. मला राहायचं होतं."

मुक्ता माझ्याकडे बघत राहिली. पुढं काही मोठं येणार, असं तिला वाटलं असावं. काही आलं नाही, तेव्हा ती पुन्हा मोबाइलकडे वळली.

"मग तसं सांगायचं ना त्यांना," ती म्हणाली.